पहारेकरी गाठीचा शोध



पायाची जखम चिघळली की जांघेत अवधाण येते, हे आपल्या आजीलाही ठाऊक होते. जखमेकडचा रस आधी तिथल्या गाठीत गाळला जातो. मेलानोमा हा कातडीचा कॅन्सर पुष्कळदा याच वाटेने पसरतो. ज्या गाठीत तो रस सर्वांत आधी पोचतो, ती पहारेकरी गाठ.

आम्ही नर्स होतो त्या काळी पुष्कळ सर्जन खबरदारी म्हणून काखेतल्या किंवा जांघेतल्या सगळ्याच गाठी काढीत. मग हात सुजे, बांगडी चढेना. आणि तपासणीत बहुतेकदा गाठी निरोगी निघत! १९९२ साली अमेरिकेतील डॉ. डोनाल्ड मॉर्टन यांनी निळा रंग टोचून पहारेकरी गाठ ओळखण्याची रीत प्रसिद्ध केली. लवकरच तिला गॅमा किरणांची जोड मिळाली.

आता काय करतात? ऑपरेशनच्या आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी तिळाच्या जागेभोवती टेक्नेशियम मिसळलेले औषध टोचतात. थोडे चुरचुरते, एवढेच. मग गॅमा कॅमेरा त्याची वाट दाखवतो. पाठीवरच्या तिळाचा रस डाव्या काखेत जातो, उजव्या, की दोन्हीकडे, हे नुसत्या अंदाजाने सांगता येत नाही. स्पेक्ट-सीटी केला तर गाठ किती खोल आहे तेही कळते. ऑपरेशनच्या वेळी हातातला प्रोब गाठीजवळ नेला की जोरात वाजू लागतो. तेवढी एक-दोन गाठी काढून तपासतात.

‘अणू’ शब्दाला घाबरू नका. मात्रा थोडी असते आणि टेक्नेशियमचा जोर दर ६ तासांनी निम्मा होतो. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईने मात्र आधी सांगावे. निळा रंग दिला असेल तर एखाद दिवस लघवी हिरवट होते.

गाठीत रोग सापडला तरी आता उरलेल्या सगळ्या गाठी सरसकट काढत नाहीत. त्या काढल्याने आयुष्य वाढत नाही, असे २०१७ साली एका मोठ्या अभ्यासात दिसले. सोनोग्राफीने लक्ष ठेवतात. जरूर तर औषधे देतात.

आपल्या सावळ्या कातडीत हा रोग कमी, पण होतो तेव्हा पुष्कळदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो, आणि उशिरा लक्षात येतो. म्हणून अंघोळीनंतर पाय उलटून बघा. डाग वाढतोय, रंग बदलतोय, तर कुपात खोलिममध्ये लगेच दाखवा. तब्येतीस जपा.