रविवारची गोळी, सोमवारची गोळी

शिंदखेडा तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. दोन्ही हातांची बोटं आणि मनगटं सुजतात, सकाळी उठल्यावर तासभर मूठ वळत नाही, भाकरी थापायला लेकीला उठवावं लागतं. बोंडातून कापूस ओढायला चिमटीत जोर नाही, म्हणून वेचणीला जाणंही बंद झालं. धुळ्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासून ‘ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस’ हा संधिवात असल्याचं सांगितलं आणि मेथोट्रेक्सेट नावाची गोळी लिहून दिली, आठवड्यातून एकदाच घ्यायची. पुतण्यानं मोबाइलवर शोधलं आणि म्हणाला, ‘काकू, हे तर कॅन्सरचं औषध आहे.’ तेव्हापासून पाकीट फडताळात पडून आहे.

ताई, या औषधाच्या नावावरून कॅन्सरची धास्ती घेऊ नका. पुतण्यानं वाचलं तेही खोटं नाही. हे औषध कॅन्सरसाठीच जन्माला आलं आणि आजही त्यासाठी वापरतात. पण सांध्यांसाठी आठवड्याला साडेसात ते पंचवीस मिलिग्रॅम एवढीच मात्रा असते. कॅन्सरमध्ये ती कित्येक पट मोठी, काही वेळा तर ग्रॅममध्ये मोजण्याइतकी. एवढ्या फरकानं औषधाचं शरीरातलं कामच बदलतं. पाकीट घेऊन पुन्हा त्याच डॉक्टरांकडे जा, शंका विचारा आणि औषध सुरू करा. चिठ्ठीवर मेथोट्रेक्सेटच्या खाली बहुधा फॉलिक ॲसिडची आणखी एक गोळी असेल, वेगळ्या दिवशी घ्यायची. या दोन गोळ्यांची गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही, कारण ती आपल्या मुंबईत, परळला सुरू होते.

१९२८ साली लुसी विल्स ही इंग्लिश डॉक्टर मुंबईत आली. इथल्या गरीब गरोदर बायकांना एक वेगळाच रक्तक्षय होत होता. तांबड्या पेशी कमी पडायच्या, पण असायच्या त्या नेहमीपेक्षा मोठ्या आणि अर्धवट वाढलेल्या. कितीतरी बायका बाळंतपणात दगावत. परळच्या हाफकिन संस्थेत प्रयोगशाळा, आणि रुग्ण म्हणजे गिरण्यांत राबणाऱ्या आणि पडद्यात राहणाऱ्या बायका. विल्सनं आधी जंतू शोधला, तो सापडला नाही. मग तिनं या बायका काय खातात ते बारकाईनं पाहिलं, तेव्हा उणीव ताटातच निघाली. उंदरांना आणि माकडांना तसाच निकस आहार देऊन तिनं आजार समजून घेतला, एकेक पदार्थ देऊन पाहिला आणि अखेर गुण आला तो मार्माइटनं. बिअर तयार झाल्यावर उरणाऱ्या यीस्टचा हा काळा, खारट, स्वस्त अर्क इंग्रज लोक पावाला लावून खातात. १९३१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये तिचा लेख आला. मार्माइटमधलं नेमकं कोणतं द्रव्य रक्त सुधारतं हे अजून कळलेलं नव्हतं, म्हणून ते पुढे ‘विल्स फॅक्टर’ नावानंच ओळखलं जाऊ लागलं. तेच फॉलिक ॲसिड. १९४१ मध्ये टेक्सासच्या शास्त्रज्ञांनी चार टन पालक उकळून त्याचा जेमतेम अंश वेगळा काढला.

आज आपल्या उपकेंद्रात प्रत्येक गरोदर बाईला लोहाबरोबर जी गोळी मिळते ती याच शोधातून आली. ज्या बायकांच्या रक्तावर हे ज्ञान उभं राहिलं त्यांची नावं आज कुणालाच ठाऊक नाहीत, याची मला फार खंत वाटते. विल्सचं नावही आपल्या पाठ्यपुस्तकांतून क्वचितच भेटतं.

पुढचं पाऊल टाकलं ते भीमावरमच्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी. जन्म १८९५ चा. त्यांचे दोन भाऊ थोड्याच दिवसांच्या अंतरानं ‘स्प्रू’ या आतड्याच्या आजारानं गेले. मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात ते खादी घालून वावरायचे, म्हणून इंग्रज प्राध्यापकांची मर्जी गेली आणि हाती पूर्ण पदवीऐवजी खालच्या दर्जाचं प्रमाणपत्र पडलं. मग मद्रासच्याच आयुर्वेद महाविद्यालयात शिकवलं. १९२३ मध्ये अमेरिका, हार्वर्ड. तिथे मोलाचं काम करूनही कायमची जागा मिळाली नाही. १९४० मध्ये ते न्यूयॉर्कजवळच्या लेडर्ले प्रयोगशाळेत गेले आणि त्यांच्या चमूनं फॉलिक ॲसिड कारखान्यात तयार करता येईल असं घडवून दाखवलं. भावांना ज्या स्प्रूनं नेलं त्यावरही ते लागू पडलं.

पण फॉलिक ॲसिड नव्या पेशी वाढवतं, तसं ते कॅन्सरच्या पेशींनाही पोसतं. तेव्हा त्याच्यासारखंच दिसणारं, पण निकामी द्रव्य दिलं तर? सुब्बारावांच्या चमूतल्या डोरिस सीगर यांनी असं द्रव्य बनवलं, ॲमिनोप्टेरिन. खानदेशातल्या कुठल्याही शेतकऱ्याला याची युक्ती चटकन समजेल, कारण बोगस बियाण्याचा अनुभव गावोगाव आहे. पाकीट तसंच, दाणा तसाच, लागवड होते, खतपाणी पडतं, वावर अडकून राहतं आणि हंगाम निघून जातो. ॲमिनोप्टेरिनच्या रेणूत ऑक्सिजनच्या एका जागी नायट्रोजनचा गट आहे, एवढाच काय तो फरक. पेशीला तो कळत नाही. ती ते आत घेते, फॉलिक ॲसिड वापरणाऱ्या एन्झाइमवर ते ठाण मांडून बसतं आणि नवा डीएनए घडवायला लागणारा माल बंद होतो. मेथोट्रेक्सेट हा याच ॲमिनोप्टेरिनचा सख्खा धाकटा भाऊ. बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी रक्ताचा कॅन्सर झालेल्या १६ मुलांना ॲमिनोप्टेरिन दिलं आणि १० जणांचा आजार काही काळ मागे हटला. हा निबंध जून १९४८ मध्ये छापून आला. ऑगस्टमध्ये सुब्बाराव गेले, वयाच्या ५३ व्या वर्षी.

त्याच सप्टेंबरात अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी अंथरुणाला खिळलेल्या एका संधिवाताच्या रुग्ण बाईला कॉर्टिझोन या स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं. काही दिवसांतच ती उठून चालू लागली. जगभर जल्लोष झाला आणि १९५० चं नोबेल हेंच आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मिळालं. चेहरा सुजणं, हाडं ठिसूळ होणं, साखर वाढणं, जंतुसंसर्ग हे दुष्परिणाम दिसेपर्यंत स्टिरॉइडचा बोलबाला पक्का झाला होता. आजही कुठल्या तरी बिननावाच्या पुडीनं ‘दोन दिवसांत सूज उतरली’ असं कुणी सांगितलं, तर त्या पुडीत स्टिरॉइड कुटून घातलेलं असण्याची दाट शक्यता असते. डॉक्टरही स्टिरॉइड देतात, पण थोडं, थोडे दिवस, मुख्य औषधाचा गुण येईपर्यंत. पुडीला मात्राही नसते आणि मुदतही.

या झगमगाटात १९५१ चं एक काम झाकोळून गेलं. रिचर्ड गबनर या डॉक्टरांनी ॲमिनोप्टेरिन संधिवाताच्या आणि सोरायसिसच्या रुग्णांना देऊन पाहिलं आणि दोन्हींत गुण आल्याचं लिहिलं. त्वचेच्या डॉक्टरांनी ते उचललं. सांध्यांच्या डॉक्टरांनी मात्र त्यानंतर बराच काळ तिकडे वळून पाहिलं नाही. १९८५ मध्ये मायकेल वाइनब्लाट यांची मेथोट्रेक्सेटची काटेकोर चाचणी आली आणि १९८८ मध्ये अमेरिकेत संधिवातासाठी अधिकृत मान्यता मिळाली. गबनरपासून मोजलं तर ३७ वर्षं. तेवढ्या काळात किती जणांची बोटं वाकडी झाली असतील!

आता ताईंना पडला असेल असा प्रश्न: आठवड्यातून एकदा कसं पुरेल? हे औषध पेशींच्या आत शिरलं की दीर्घकाळ साठून राहतं, त्यामुळे एवढं पुरतं. आणि रोज घेतलं तर ते जिवावर बेतू शकतं, कारण मग ते हाडांतल्या मगजात रक्त तयार होणंच थांबवतं. रोजची गोळी समजून घेतल्यानं जगभरात माणसं दगावली आहेत. म्हणून चिठ्ठीवर आणि पाकिटावर वाराचं नाव ठळक लिहून घ्या. आपल्या गावचा आठवडे बाजार ज्या वारी भरतो तोच वार धरला तर घरातलं कुणीही विसरणार नाही. रक्ताची आणि यकृताची तपासणी सांगितलेल्या वेळी करायचीच. दारू नको. मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोलून औषध बदलून घ्यायचं, कारण गर्भाला ते घातक आहे.

आणि फॉलिक ॲसिड? विरोधी औषध द्यायचं आणि पाठोपाठ ज्याचा विरोध करायचा तेच द्यायचं, हे मला बरेच दिवस कोड्यासारखं वाटायचं. पण प्रत्यक्षात फॉलिक ॲसिड घेतलं की तोंड येणं, मळमळ, यकृताचे आकडे वाढणं कमी होतं, आणि सांध्यांचा गुण टिकून राहतो. म्हणजे सांध्यांत मेथोट्रेक्सेट फॉलिक ॲसिड अडवण्यापलीकडे आणखी काहीतरी करत असलं पाहिजे. न्यूयॉर्कचे ब्रूस क्रोनस्टीन यांच्या मते ते पेशींबाहेर ॲडेनोसिन वाढवतं आणि ॲडेनोसिन दाह शमवतं. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या संशोधकांनी २०१५ मध्ये फळमाशीच्या पेशींवर चाचपणी करता करता दाखवलं की मेथोट्रेक्सेट ‘जॅक-स्टॅट’ नावाचा संदेशमार्गही रोखतं. याच मार्गावर नेम धरून टोफॅसिटिनिबसारख्या नव्या महाग गोळ्या तयार झाल्या आहेत! चाळिशी ओलांडलेल्या वापरानंतरही हे औषध संशोधकांना कामाला लावतं, हे मला विलक्षण वाटतं.

नव्या औषधांबद्दलही बोललं पाहिजे. मार्क फेल्डमन आणि लुधियानात जन्मलेले रविंदर मैनी यांनी १९९२ साली लंडनमध्ये टीएनएफ हा एकच संदेशवाहक अडवून रुग्ण उभे केले. त्यातून जैविक औषधांचं युग सुरू झालं आणि ज्यांना जुन्या औषधांनी गुण येत नाही त्यांच्यासाठी ती खरोखर वरदान आहेत. पण टीएनएफ शरीरात दडलेल्या क्षयाच्या जंतूंनाही कोंडून ठेवत असतो. तो अडवला की क्षय उफाळू शकतो. क्षय घरोघरी पाहिलेल्या आपल्या मुलखात छातीचा फोटो आणि तपासणी न करता हे इंजेक्शन घेऊ नये. ‘आधुनिक’, ‘इंपोर्टेड’ या शब्दांना भुलून शेत गहाण टाकणाऱ्यांना मला २०१३ ची एक अमेरिकी चाचणी सांगावीशी वाटते. मेथोट्रेक्सेट पुरेसं न पडलेल्या ३५३ रुग्णांपैकी काहींना त्याच्या जोडीला महाग जैविक इंजेक्शन दिलं, काहींना सल्फासॅलॅझिन आणि कोविडकाळात गाजलेलं हायड्रॉक्सिक्लोरोक्विन. स्वस्त तिकडी उन्नीस ठरली नाही. टोफॅसिटिनिबबाबतही २०२२ मध्ये इशारा आला: पन्नाशी उलटलेल्या आणि हृदयविकाराचा धोका असलेल्यांमध्ये टीएनएफरोधकांच्या तुलनेत हृदयाचे झटके आणि कॅन्सर अधिक दिसले. त्या गोळीला जागा आहे, पण रांगेत मागे.

संशोधनाचा रोख आता आजार उभा राहण्याच्या आधीच्या काळावर वळला आहे. सांधे सुजण्याच्या कित्येक वर्षं आधी रक्तात ‘सीसीपी’विरोधी प्रतिपिंडं दिसू लागतात. अशा माणसांना वर्षभर अबॅटासेप्ट हे जैविक औषध देऊन पाहिलं तेव्हा आजार लांबला, असं २०२४ मधल्या ब्रिटिश चाचणीत दिसलं. औषध थांबल्यावर फायदा हळूहळू ओसरला. त्याआधी २०२२ मध्ये नेदरलँड्सच्या संशोधकांनी सांधे दुखतात पण अजून सुजलेले नाहीत अशा लोकांना वर्षभर मेथोट्रेक्सेट दिलं. आजार टळला नाही, पण दुखणं आणि अडलेली कामं पुढेही कमीच राहिली. २०२५ चं नोबेल मिळालेले शिमोन साकागुची यांनी नियामक टी-पेशी शोधल्या. शरीर स्वतःवरच उलटू नये म्हणून राखण करणाऱ्या या पेशी संधिवातात का कमी पडतात, हा पुढचा मोठा प्रश्न आहे.

हे सगळं आपल्यापर्यंत यायचं तर आधी आपले रुग्ण दिसले पाहिजेत. १९९६ मध्ये पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा यांनी इंदापूर तालुक्यातल्या भिगवणला घरोघरी जाऊन सांधेदुखीची पाहणी केली. प्रौढांत साधारण दोनशेत एकाला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस निघाला आणि सांधे, पाठ, स्नायू यांच्या दुखण्यानं बेजार माणसं तर त्याच्या कितीतरी पट. डॉक्टर गावात गेले म्हणून हे कळलं. खानदेशाला अशा पाहणीची गरज आणखी एका कारणानं आहे. २००६ मध्ये फेब्रुवारी-मार्चमध्ये धुळ्याहून तासाभराच्या अंतरावरच्या मालेगावात चिकनगुनियासारख्या तापाचे दोन हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. हा ताप उतरल्यावरही कित्येकांचे सांधे महिनोन्‌महिने दुखतात आणि तो आजार हुबेहूब ऱ्हुमॅटॉइडसारखा दिसतो. दोन्ही ओळखायला वेगवेगळ्या तपासण्या आणि अनुभवी हात लागतात.

धुळ्याच्या भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयानं शिरपूर, साक्री, शिंदखेड्यातली दोन-चार गावं घेऊन भिगवणसारखी पाहणी करावी. आशाताईंना तीन प्रश्न शिकवले तरी सुरुवात होईल: सकाळी अर्ध्या तासाहून जास्त वेळ हात आखडलेले राहतात का, दोन्ही हातांची बोटं सुजतात का, आणि हे सहा आठवड्यांहून जास्त चाललं आहे का. तिन्ही उत्तरं ‘हो’ आली तर त्या बाईला पुढच्या आठवड्यात महाविद्यालयाच्या ओपीडीत बोलवायचं, आणि मेथोट्रेक्सेट सुरू केलं तर तिच्या कार्डावर तिच्या गावच्या बाजाराचा वार लिहून द्यायचा.