तरंगणाऱ्या शेवाळातील वायुपुटिका

कर्जत व खालापूर हे रायगड जिल्ह्यातील सह्याद्रीच्या पायथ्याचे तालुके. पावसाळ्यात येथील भातखाचरांत पाणी साचले की निळे-हिरवे शेवाळ वाढू लागते. असे शेवाळ हवेतील नत्र स्थिर करून भातजमिनीचा कस राखते, हे पी. के. डे यांनी १९३९ साली दाखवून दिले. या शेवाळांच्या काही जातींच्या पेशींत वायूने भरलेल्या सूक्ष्म पुटिका असतात.

वायुपुटिका म्हणजे केवळ प्रथिनांची, दोन्ही टोकांना निमुळती अशी पोकळ नळी होय. तिची भिंत सुमारे २ नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या पाच लाखाव्या भागाइतकी जाड असते. भिंतीतून वायू सहज ये-जा करतो. पाण्याला मात्र आत थारा मिळत नाही. त्यामुळे पेशी हलकी होऊन प्रकाशाकडे वर येते. जर्मन शास्त्रज्ञ क्लेबान यांनी १८९५ मध्ये शेवाळाने भरलेल्या बाटलीच्या बुचावर हातोडी मारली, तेव्हा दाबामुळे पुटिका चिरडल्या व शेवाळ तळाशी बसले.

पुटिका वेगळ्या काढताना हेच तत्त्व ध्यानात ठेवावे लागते. प्रथम पेशी तरंगू देऊन खालचे पाणी काढतात. नंतर दाब न वाढविता पेशी फोडतात. मिठागरांतील लवणप्रिय सूक्ष्मजीव तर साध्या पाण्यातच फुटतात. हे मिश्रण यंत्रात मंद गतीने फिरविले असता इतर अंश खाली बसतात आणि पुटिकांचा दुधाळ थर वर येतो. तो अलगद काढून घेतात.

या पुटिकांवरून ध्वनिलहरी उत्तम परावर्तित होतात. म्हणून सोनोग्राफीत त्यांचा उपयोग होऊ शकतो, असे अमेरिकेतील मिखाईल शापिरो व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्राण्यांवरील प्रयोगांनी दाखविले.

या गुणाची दुसरी बाजूही आहे. मायक्रोसिस्टिससारखे विषारी शेवाळ पुटिकांच्याच बळावर जलाशयाच्या पृष्ठभागावर साय धरते. खालापूर तालुक्यातील मोरबे धरणातून नवी मुंबईला पिण्याचे पाणी मिळते; अशा जलाशयांच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची ठरते. ध्वनिलहरींनी पुटिका फोडून शेवाळ बुडविण्याचे प्रयोग झाले आहेत. परंतु जिवंत पेशी पुटिका पुन्हा तयार करतात. म्हणून सांडपाणी व जादा खते पाण्यात मिसळू न देणे आणि हिरवी साय धरलेले पाणी गुरांना न पाजणे, हाच खात्रीचा उपाय होय.