बिऱ्हाडांसह विकलेला वाडा

घर बांधून पहावें आणि लग्न करून पहावें, अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. ज्या अनुभवी गृहस्थानें ती प्रथम उच्चारली, त्यास बिऱ्हाडें राहत असलेला वाडा विकण्याचा प्रसंग आला नसावा. नाहीं तर त्यानें म्हणींत आणखी एका कलमाची भर खास घातली असती. आमच्या घरीं हा प्रसंग २०१९ सालीं होऊन गेला. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या वडिलार्जित वास्तूंत आजहि जुनीं बिऱ्हाडें असतील, आणि 'विकावें तरी कसें?' हा प्रश्न माजघरांत वरचेवर निघत असेल. त्यांच्या उपयोगीं पडावा म्हणून आमचा अनुभव, त्यांतील आमच्या चुकांसह, येथें सांगत आहों.

वाडा पुण्यांत, सदाशिव पेठेंत. दोन चौकांचा, पणजोबांनीं बांधलेला. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें आणि नदीकांठच्या पेठांतील असंख्य संसार पाण्याखालीं गेले. आमचा वाडा उंचावर, म्हणून वांचला. त्याच महिन्यांत आजोबांनीं मागल्या चौकांतील दोन खोल्या एका पूरग्रस्त कारकुनास दिल्या. भाडें ठरलें महिना २२ रुपये. पुढें माडीवर एक कुटुंब आलें, आणि रस्त्याकडील खोलींत एक दुकान आलें.

२०१७ च्या पावसाळ्यांत माडीचें एक बहाल खचलें आणि पालिकेची नोटीस आली. दुरुस्तीचा खर्च आमच्या आवांक्याबाहेरचा होता. वाडा विकावा असें तेव्हां ठरलें. परंतु गिऱ्हाईक येई, चौक पाही, बिऱ्हाडें मोजी, आणि पुन्हां येत नसे.

घरांत या तिघांस मिळून 'त्रासदायक कुळें' असें एकच नांव पडलें होतें. दुकानदार आठ वर्षें भाडें देत नव्हता. माडीवरील मंडळी कोथरुडास स्वतःच्या सदनिकेंत राहावयास गेली होती. येथें केवळ कुलूप, आणि दिवाळीस एकदां झाडलोट. मागल्या चौकांतील कारकुनाच्या वृद्ध पत्नीशीं तर आमच्या घराचा तीस वर्षांचा अबोला होता. 'त्यांनीं भाडें बुडविलें,' असें आम्ही तरुणपणापासून ऐकत आलों होतों.

आमचा पहिला बेत असा कीं आधीं वाडा मोकळा करावा आणि मग विकावा. एका दलालानें तोड सुचविली: "नळ तोडा, जिन्यावरचा दिवा काढा. सहा महिन्यांत जागा रिकामी होते." आमच्या आत्याबाई पलीकडे भाजी निवडीत बसल्या होत्या. तो गेल्यावर त्या आमच्या वडील बंधूंस एवढेंच म्हणाल्या, "अरे, पुरानंतर आपल्या विहिरीवर अर्ध्या पेठेनें पाणी भरलें. त्या वाड्यांतला नळ तूं तोडणार कां?" बंधु उत्तरले नाहींत. पाणी, वीज यांसारख्या आवश्यक सोयी तोडणें हा मालकाकडून घडलेला गुन्हाच होय, हें आम्हांस वकिलांकडून मागाहून कळलें.

वकिलांनीं जें समजावून दिलें तें थोडक्यांत असें. मुंबई इलाख्यांतील भाडेनियंत्रण पहिल्या महायुद्धाच्या टंचाईंत, १९१८ सालीं, प्रथम आलें. १९४७ च्या कायद्यानें १ सप्टेंबर १९४० चें भाडें प्रमाण धरलें, आणि त्यानंतर प्रथम दिलेल्या जागांचें भाडें पहिल्या ठरावाशीं बांधलें. घरांवाचून तिष्ठणाऱ्या लोकांस त्या काळीं तो मोठाच आधार होता. परंतु भाडें जागच्या जागीं गोठलें. डिसेंबर १९९७ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें ही गोठवणूक काळाच्या ओघांत अवाजवी झाली असें ठरविलें. नंतरचा १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम ३१ मार्च २००० पासून अमलांत आला. त्यानें मालकास दरसाल शेंकडा ४ ची वाढ दिली खरी. पण २२ रुपयांवर शेंकडा चार वाढून वाढून किती होणार? २०१७ सालींहि तें भाडें पन्नासाच्या आंतच होतें.

दुसरी गोष्ट अशी कीं, खरेदीखत झाल्यानें बिऱ्हाड उठत नाहीं. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणें विकत घेणारा हा जुन्या मालकाच्या जागीं येतो. हक्कहि त्याचे आणि बंधनेंहि त्याचीं. भाडें थकल्यास ९० दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, आणि दावा लागल्यावरहि समन्सापासून ९० दिवसांत कुळानें बाकी, शेंकडा १५ व्याज आणि खर्च भरला, तर त्या कारणावरून जागा सुटत नाहीं. तीन वर्षांपलीकडील बाकी तर मुदतीच्या कायद्यांत बसतच नाहीं. दाव्यापूर्वीं सलग सहा महिने सबळ कारणावांचून जागा न वापरणें हें मात्र जागा परत मागण्यास पुरेसें कारण होतें. मालकास स्वतःकरितां जागा हवी असेल, तर अडचण मालकाची अधिक कीं कुळाची, हें न्यायालय तोलून पाहतें. लघुवाद न्यायालय, मग अपील, मग उच्च न्यायालय, असा तो मार्ग आहे. आत्याबाईंचें वय त्या वेळीं ८१ होतें.

वकिलांनीं भाड्याच्या पावतीपुस्तकांचीं स्थळप्रतें मागितलीं. तीं शोधतांना तीर्थरूपांच्या पेटींत आम्हांस त्यांच्याच हातची एक वही सांपडली. १९८६ पासून पुढें दर महिन्यास एकच नोंद: 'मनिऑर्डर आली, परत केली.' म्हणजे मागल्या चौकांतील बिऱ्हाडानें भाडें बुडविलेंच नव्हतें! नळाच्या वेळेवरून झालेल्या एका भांडणानंतर वडिलांनीं तें घेण्याचें नाकारलें होतें. हाच पुरावा न्यायालयांत आला असता, तर कुळ सदैव देण्यास तयार होतें असेंच सिद्ध झालें असतें.

दुसऱ्या दिवशीं बंधु मागल्या चौकांत गेले. आम्हीहि बरोबर होतों. त्यांनीं वही पुढें ठेवून म्हटलें, "काकू, चूक आमच्याकडून झाली." काकूंनीं फळीवरचा डबा काढला. त्यांत परत आलेल्या मनिऑर्डरींचे कागद सालवार दोऱ्यानें बांधलेले होते. त्या म्हणाल्या, "हे गेल्यावरसुद्धां मी पाठवीत होतें. तुमच्या वडिलांनीं एकदां तरी ठेवून घ्यावी असें वाटे." त्या दिवशीं बंधूंनीं मागील तीन वर्षांचें भाडें घेतलें आणि पावती लिहून दिली. अधिक घेण्यास त्यांचा हात धजेना.

यानंतर आमचा बेत पालटला. तिन्ही बिऱ्हाडांस आम्हीं माजघरांत बोलाविलें आणि वाडा विकावयाचा आहे हें उघड सांगितलें. जागेवरील हक्क सोडण्याबद्दल कुळानें मोबदला घेणें १९९९ च्या कायद्यानें वैध आहे. माडीवरील मंडळींस आपली बाजू दुबळी आहे हें ठाऊक होतें. त्यांनीं बेताची रक्कम घेऊन किल्ल्या दिल्या. दुकानदाराच्या मुलांस दुकान चालवावयाचें नव्हतें. त्याच्या मोबदल्यांतून तीन वर्षांची बाकी वजा झाली. काकूंस मात्र पेठ सोडावयाची नव्हती. तेव्हां घेणारा, आम्ही आणि त्या असा तिघांचा करार नोंदविला: नव्या इमारतींत तेवढ्याच क्षेत्राची जागा, आणि ती होईपर्यंत पर्यायी घराचें भाडें घेणाऱ्यानें द्यावें. मोकळ्या वाड्यास जी किंमत आली असती, तिच्यापेक्षां आम्हांस सुमारें चौथा हिस्सा कमी मिळाला.

त्यापुढील विलंब बिऱ्हाडांमुळें झाला नाहीं, आमच्यामुळें झाला. वारस अकरा. २००५ च्या दुरुस्तीनें मुलींसहि एकत्र कुटुंबाच्या मिळकतींत जन्मतःच हक्क मिळाला आहे. परंतु 'बहिणी सही करतीलच' असें गृहीत धरून आम्हीं त्यांस विचारलेंच नव्हतें. नागपूरच्या भगिनींनीं रास्तपणें विचारलें, "काकूंस आधीं बोलावलेंत, आम्हांस कधीं?" अमेरिकेंतील पुतणीचें मुखत्यारपत्र येण्यास आणखी चार महिने गेले.

ज्यांस हाच मार्ग चालावयाचा आहे, त्यांस आमची विनंती अशी: प्रथम घरांतील सर्व वारस एका जागीं बसवावे. नंतर प्रत्येक बिऱ्हाडाचा तक्ता करावा. जागा कधीं दिली, भाडें काय, पावती केव्हांची, अनामत किती, दावा आहे कीं नाहीं, हें सर्व त्यांत लिहावें आणि घेणाऱ्यापासून कांहीं लपवूं नये. विक्रीपूर्वींची थकबाकी, निराळा ठराव नसल्यास, घेणाऱ्यास मिळत नाहीं. म्हणून ती कोणाची तें खतांत स्पष्ट असावें. खत होतांच कुळांस लेखी कळवावें. कारण विक्रीची वार्ता नसतांना त्यांनीं जुन्या मालकास दिलेलें भाडें नवा मालक पुन्हां मागूं शकत नाहीं. आणि सर्वांआधीं आपलीं जुनीं वहीखातीं स्वतः उघडून पहावीं.

ताबा देण्याच्या आदल्या दिवशीं काकू चालू महिन्याचें भाडें घेऊन आल्या. बंधु म्हणाले, "आतां तें नव्या मालकास द्यावयाचें." त्या म्हणाल्या, "या महिन्याचे पंधरा दिवस तुमचे." बंधूंनीं तेवढे पैसे घेतले आणि पावतीपुस्तकांतील शेवटचें पान त्यांच्या नांवें फाडून दिलें.