फौजीची फीट, बधिर पाय आणि पेन्शनचा हक्क

आम्ही वस्तीत बीपी-साखर तपासायला जातो, तेव्हा फौजेतून परतलेले कुणी ना कुणी भेटतातच. कुणाला फीट येते, कुणाची मणक्यात नस दबून पाय बधिर झालेला. जखम दिसते, नसांचा आजार दिसत नाही. मेडिकल बोर्डाच्या कागदावर शेरा असतो : ‘आजार सेवेमुळे झाला नाही, वाढलाही नाही.’ अपंगत्व पेन्शन नाकारलं जातं आणि पत्र पेटीत पडून राहतं.

तो शेरा काळ्या दगडावरची रेघ नव्हे. शिपाई धरमवीर सिंग 1985 मध्ये भरती झाले. 1994 मध्ये फीट येते म्हणून त्यांना घरी पाठवलं. अपंगत्व 20 टक्के ठरलं, पेन्शन मात्र नाही. 2013 साली सर्वोच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर जवान धडधाकट होता असंच धरायचं. आजार सेवेमुळे झाला, हे सिद्ध करायची जबाबदारी जवानावर नाही. शंकेचा फायदा जवानालाच.

म्हणून डिस्चार्ज बुक, बोर्डाचे कागद, लष्करी दवाखान्यातल्या नोंदी, ईईजी, एमआरआय, नसांच्या तपासणीचे रिपोर्ट एका फाईलमध्ये लावा. नकाराचं पत्र आल्यापासून सहा महिन्यांत पहिलं अपील करा, मग दुसरं. तिथंही नकार आला, तर सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे. त्याचं खंडपीठ मुंबईत आहे. सप्टेंबर 2023 नंतर निवृत्त झालेल्यांना नवे नियम लागू आहेत, ते जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारून घ्या.

औषधं चालू ठेवा. आणि पेटीतलं ते पत्र आजच बाहेर काढा.