दहा मीटरांवरील निशाण



मुलाच्या हातीं बंदूक द्यावी काय, असा प्रश्न कोणी विचारला तर आपल्यापैकीं बहुतेक जण कानांवर हात ठेवतील. मींही पूर्वीं तेंच केलें असतें. परंतु ज्या बंदुकीविषयीं मी आज बोलणार आहें, ती दाबलेल्या हवेच्या जोरावर शिशाचा चिमुकला छरा कागदाच्या निशाणावर मारते, याहून अधिक तिचें कांहीं काम नाहीं. या खेळामुळें आईबाप आणि मुलें यांच्यांत एक निराळेंच सख्य जडतें, असें मीं पाहिलें आहे. तें कसें जडतें आणि कोठें बिघडतें, एवढेंच सांगण्याचा विचार आहे.

प्रथम खेळाची थोडी ओळख करून घेऊं. निशाण उभें असतें दहा मीटरांवर, म्हणजे एखाद्या लांबट ओटीच्या अंतरावर. छरा साडेचार मिलिमीटर जाडीचा, वजनानें सुमारें अर्धा ग्रॅम. निशाणावर एकांत एक अशीं वर्तुळें आंखलेलीं असतात. त्यांतलें सर्वांत आंतलें, दहा गुणांचें वर्तुळ रायफलीच्या निशाणावर अवघें अर्ध्या मिलिमीटरचें असतें. वर्तुळ कसलें, तें टिंबच! मोठ्या स्पर्धेंत असे साठ नेम मारावयाचे असतात, आणि अगदीं मध्यावर बसलेल्या छऱ्यास १०.९ गुण मिळतात. त्यापुढें गुण नाहींत.

हें टिंब साधण्यास दंडांत बळ असून भागत नाहीं. पायांवर भार सारखा पडावा, खांदा सैल असावा, श्वास अर्धा सोडून क्षणभर रोखावा आणि चाप इतक्या सावकाश दाबावा कीं छरा नेमका कोणत्या क्षणीं सुटला हें मारणारासही आधीं कळूं नये. छातींतल्या ठोक्यानेंसुद्धां नळीचें टोंक किंचित् हलतें. छरा सुटल्यावरही लगेच मान वर करावयाची नाहीं; होतें तसेंच पळभर स्थिर राहावयाचें. नवशिक्यांची चूक बहुधा येथेंच होते. काय लागलें हें पाहण्याची घाई झाली कीं नेम बिघडलाच.

आतां यांत आईबापांचा संबंध कोठें येतो? पुष्कळ खेळांत बाप मुलापेक्षां बळकट असतो. धांवण्यांत किंवा कुस्तींत तो मुद्दाम हरतो, आणि तो मुद्दाम हरला हें मुलास चांगलें कळतें. निशाण मात्र वय विचारीत नाहीं. बारा वर्षांची पोर आणि पन्नाशीचा बाप शेजारीं उभे राहिले तर दोघांनाही तेंच टिंब साधावयाचें असतें, आणि पोरगी खरोखरच जिंकूं शकते.

स्वीडन देशांतील ऑस्कर स्वान या गृहस्थांचें उदाहरण येथें सांगण्यासारखें आहे. १९०८ सालीं लंडनच्या ऑलिंपिकमध्यें साठाव्या वर्षीं त्यांनीं धांवत्या हरिणाच्या नेमबाजींत सुवर्णपदक मिळविलें. हें हरिण खरें नव्हे. सुमारें शंभर मीटर अंतरावरून सरकत जाणारी ती हरिणाच्या आकाराची आकृति. त्याच खेळांत सांघिक सुवर्णपदक मिळालें तेव्हां संघांत त्यांचा मुलगा आल्फ्रेड होता. चार वर्षांनीं स्टॉकहोम येथें एकेरी स्पर्धेंत सुवर्णपदक मुलानें जिंकलें आणि बाप पांचवा आला. सांघिक पदक पुन्हां दोघांचें. १९२० सालीं अँटवर्प येथें ऑस्कर बहात्तर वर्षांचे होते, तरी मुलाच्या जोडीनें त्यांनीं सांघिक रौप्यपदक मिळविलें. बारा वर्षें बाप आणि मुलगा एकाच रांगेंत उभे राहिले, कधीं एक पुढें तर कधीं दुसरा. संसारांत असा योग किती घरांत येतो?

माझ्या घरीं तर तो मुळींच येण्याचें चिन्ह नव्हतें. सुमारें पंचवीस वर्षांपूर्वींची गोष्ट. माझी धाकटी कन्या मीं शिकवीत असलेल्या शाळेंतच होती, आणि सहामाहींत ती माझ्याच विषयांत नापास झाली. लाज तिच्यापेक्षां मलाच अधिक वाटली. पुढें दोन महिने आमचें बोलणें म्हणजे माझे प्रश्न आणि तिच्या माना. तिला हवाई बंदुकीचा नाद होता. सैन्यांतून निवृत्त झालेले एक हवालदार जिल्ह्याच्या गांवीं मुलांस नेमबाजी शिकवीत. तिला तेथें पोंचविणें मला भाग पडे. मी मागें उभा राहून प्रत्येक छऱ्यानंतर कांहींतरी बोलत असें : हात हलला, श्वास सोडलास, लक्ष कोठें आहे? एके दिवशीं तिनें बंदूक खालीं ठेवली आणि मागें न पाहतां ती म्हणाली, "अण्णा, इथं तरी वर्ग घेऊं नका."

हवालदार कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं दुसरी बंदूक माझ्यापुढें केली. "गुरुजी, पांच मारून पाहा." मीं पांच मारले. तीन कागदावर होते, दोहोंचा पत्ता लागला नाहीं. पोरीला हसूं आलें, आणि मग तीच हळूच म्हणाली, "खांदा सैल सोडा, अण्णा. चाप ओढूं नका, दाबा." तिचें सांगणें बरोबर होतें. सहावा छरा सात गुणांच्या वर्तुळांत बसला. घरीं येतांना एस्.टी.च्या गाडींत ती मला चाप कसा दाबावा हें आपल्या करंगळीवर दाखवीत होती. दोन महिन्यांत तिनें स्वतः होऊन काढलेला तो पहिला विषय. गणितांत ती पुढें काठावरच पास होत गेली, हेंही सांगून टाकतों. नेमबाजीनें गणित सुधारलें असें मीं म्हणणार नाहीं.

मागें उभ्या असलेल्या माणसास या खेळांत बोलावयास जागाच नाहीं, हें मला तेव्हां कळलें. छरा सुटण्यापूर्वीं बोलणें म्हणजे नेम मोडणें, आणि सुटल्यावर बोलून उपयोग नसतो, कारण कागद सर्व कांहीं सांगतो. मग बापानें काय करावें? छऱ्यांची डबी पुढें करावी, गुण वहींत टिपावे, मुलानें विचारलें तर सांगावें. घरीं रिकाम्या बंदुकीनें कोऱ्या भिंतीवर नेम धरण्याचा सरावही उपयुक्त असतो. त्या वेळीं जवळ बसून नुसतें घड्याळ पाहिलें तरी मुलास सोबत वाटते. आम्हां शिक्षकांस हें फार अवघड जातें. चूक दिसली कीं तांबडी शाई हातांत येते.

एक व्यावहारिक इशारा मात्र स्पष्ट शब्दांत दिला पाहिजे. हवाई बंदूक हें खेळणें नव्हे. तिचा छरा माणसाचा डोळा कायमचा घालवूं शकतो. म्हणून घराच्या गच्चीवर पांखरें मारण्याचा उद्योग बापानें मुलास कधींही शिकवूं नये. जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीं, नेमबाजीच्या जागींच शिकावें. बंदूक भरलेली असो वा नसो, नळीचें तोंड निशाणाकडेच हवें. नेम धरेपर्यंत बोट चापावर नको. सर्वांच्या बंदुका खालीं ठेवल्याशिवाय रेघेपुढें कोणीं जावयाचें नाहीं. आणि छरे शिशाचे असल्यामुळें हात धुतल्यावांचून खाऊला हात लावावयाचा नाहीं. हे नियम बाप स्वतः पाळतो कीं नाहीं, हें मुलें बारकाईनें पाहतात.

पैशाचा भाग निराळा. ज्यांना शक्य आहे ते वाटेल तेवढें करतात. अभिनव बिंद्रा यांच्या वडिलांनीं चंदीगडजवळ घरींच नेमबाजीची जागा बांधून दिली. परंतु २००८ सालीं बीजिंग येथें शेवटच्या छऱ्यापूर्वीं दोन नेमबाजांचे गुण समान झाले होते, आणि तो १०.८ गुणांचा छरा एकट्या मुलासच मारावयाचा होता. जॉर्जियाच्या नीनो सालुक्वाद्झे यांस त्यांच्या वडिलांनीं शिकविलें. २०१६ सालीं रिओ येथें त्या स्वतःच्या मुलासह ऑलिंपिकमध्यें उतरल्या. एकाच ऑलिंपिकमध्यें मायलेक खेळण्याचा तो पहिलाच प्रसंग. आपल्या महाभारतांतही अर्जुनानें अभिमन्यूस स्वतः धनुर्विद्या दिली. दुसऱ्या पुत्राशीं, बभ्रुवाहनाशीं, त्याची गांठ मात्र बाणांच्या टोकांवरच पडली.

आपल्या कोल्हापूर जिल्ह्यांतील कांबळवाडीचे स्वप्निल कुसाळे यांनीं १ ऑगस्ट २०२४ रोजीं पॅरिस येथें पन्नास मीटर रायफलीच्या तीन आसनांच्या स्पर्धेंत कांस्यपदक मिळविलें. त्यांचे वडील शिक्षक. मुलगा दहा-बारा वर्षें घराबाहेर राहून सराव करीत होता. त्याचें लक्ष खेळावरच राहावें म्हणून अंतिम फेरीच्या आदल्या दिवशीं आपण त्यास दूरध्वनि केलाच नाहीं, असें त्या वडिलांनीं नंतर सांगितलें. त्या रात्रीं त्या शिक्षकाच्या मनांत सांगण्यासारखें किती असेल, याची मला थोडीबहुत कल्पना आहे.