फिल्टरमधला बुडबुडा काय सांगतो?

मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये निवृत्त झाली. पण हौसेने जपलेल्या पद्मिनी आणि अॅम्बेसेडर आजही रस्त्यावर दिसतात. अशा अनेक गाड्यांचे बॉनेट उघडले, की पेट्रोलच्या नळीवर बसवलेला छोटा पारदर्शक फिल्टर दिसतो. त्यात हवेचा बुडबुडा दिसला, की मालकाच्या पोटात गोळा येतो. प्रत्यक्षात प्रत्येक बुडबुडा म्हणजे बिघाड नव्हे.

फिल्टरमधला कागद पेट्रोलने भिजला, की त्याची सूक्ष्म छिद्रे द्रवाने भरतात. पृष्ठताणामुळे हवा त्यातून सहज पार होत नाही आणि वरच्या बाजूला अडकून राहते. त्यामुळे फिल्टर अर्धाच भरलेला दिसला, तरी इंजिनाला पुरेसे पेट्रोल मिळत असते. अधूनमधून एखादा बुडबुडा पुढे सरकला, तरी तो कार्बोरेटरच्या वाटीत पोहोचून बाहेर निघून जातो. चिंता करावी ती बुडबुड्यांची सतत माळ दिसली तर.

या गाड्यांत टाकी मागे आणि पंप पुढे इंजिनावर असतो. पंप पेट्रोल ओढून घेतो, म्हणून टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीत बाहेरच्यापेक्षा कमी दाब असतो. तिथे नळीला बारीक चीर गेली किंवा क्लिप सैल झाली, तर गाडी चालू असताना पेट्रोल बाहेर ठिबकण्याऐवजी हवाच आत शिरते. खाली ओलसर डाग नाही, म्हणून गळती नाही, हा समज इथेच फसवा ठरतो. पंपाच्या पुढे मात्र उलटे घडते. तिथे दाब जास्त असल्याने पेट्रोल बाहेर येते आणि तापलेल्या सायलेन्सर पाइपवर पडले, तर आग लागू शकते.

दुसरे कारण उष्णतेचे. महाबळेश्वरला पाणी १०० अंशांऐवजी सुमारे ९५ अंशांनाच उकळते, कारण तिथे हवेचा दाब कमी असतो. ओढणाऱ्या नळीतही तसेच होते. पेट्रोलमधले हलके घटक मुळातच कमी तापमानाला उकळतात. त्यात दाब कमी झाला, की त्यांची वाफ आणखी लवकर होते. वाफ दाबली जाते, पण पुढे ढकलली जात नाही. पंप हलत राहतो आणि इंजिन मात्र उपाशी राहते. यालाच ‘व्हेपर लॉक’ म्हणतात. उन्हाळ्यात घाट चढताना गाडी बंद पडली, की पंपावर ओले फडके ठेवण्याची जुन्या चालकांची युक्ती शास्त्राला धरूनच होती. नव्या गाड्यांत पंप टाकीतच असतो आणि पेट्रोल जास्त दाबाने पुढे ढकलतो, त्यामुळे हा त्रास फारसा होत नाही.

निदान सोपे आहे. इंजिन थंड असतानाही बुडबुडे येत असतील, तर नळी, क्लिप आणि फिल्टरचे सांधे तपासावेत. गाडी तापल्यावरच येत असतील, तर नळी इंजिनाच्या उष्णतेपासून दूर न्यावी. टाकीचे झाकण उघडताच ‘फुस्स’ आवाज होऊन गाडी सुधारली, तर झाकणातले हवेचे छिद्र बुजले आहे, असे समजावे. सध्याच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या नळ्यांचे आणि पंपातल्या पडद्याचे रबर त्यासाठी बनवलेले नव्हते. ते इथेनॉलला टिकणारे बसवून घ्यावे.

नळीतली हवा काढण्यासाठी तोंडाने पेट्रोल ओढण्याची सवय मात्र कायमची सोडावी. पेट्रोल अतिशय पातळ असते. ठसका लागून थोडेसे जरी श्वासनलिकेत गेले, तरी फुप्फुसांना गंभीर सूज येऊ शकते. चुकून गिळले गेले, तर उलटी करवू नये; उलटीबरोबर ते पुन्हा श्वासमार्गात जाण्याचा धोका असतो. थेट रुग्णालय गाठावे. पेट्रोलच्या वाफेत कर्करोगकारक बेंझिनही असते. म्हणून असे काम उघड्यावर, इंजिन थंड झाल्यावर आणि बॅटरीची तार काढूनच करावे. हातपंप आणि छोटे अग्निशामक नळकांडे यांचा खर्च उपचारांपेक्षा खूपच कमी असतो.