वाचक घटले की मोजणी चुकली?

एखादी संस्था स्वतःचे संकेतस्थळ उघडते तेव्हा त्यामागे बहुधा मोठा उत्साह असतो. ग्रंथालय आपली ग्रंथसूची त्यावर चढवते, शाळा आपला इतिहास देते, नाट्यमंडळ आपल्या प्रयोगांची छायाचित्रे लावते. गोवा, बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद अशा ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या नांदत आलेल्या मराठी संस्थांना तर या साधनाचे विशेष मोल आहे. कारण त्यांचा वाचक आता एका गावात राहिलेला नाही. पुढे दोन-तीन वर्षांनी कार्यकारी मंडळापुढे आकडे येतात आणि असे आढळते की, भेट देणाऱ्यांची संख्या निम्म्याच्याही खाली आली आहे. मग कोणी तरी सुस्कारा टाकून म्हणतो, "मराठी वाचणारेच उरले नाहीत, दरवर्षी हे पैसे कशाला भरायचे?" आणि संकेतस्थळ बंद करण्याचा ठराव पुढे येतो.

हा निष्कर्ष कदाचित खराही असेल. पण तो सर्वांत शेवटी काढावयाचा निष्कर्ष आहे. भेटींचा आकडा खाली येण्याची कारणे अनेक आहेत आणि त्यांतील कित्येकांचा वाचकांच्या आवडीनिवडीशी काडीचाही संबंध नसतो. ती कारणे कोणत्या क्रमाने तपासावीत, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

पहिला प्रश्न मोजणीचा. वर्गातील हजेरी एकाएकी कमी दिसू लागली, तर शहाणा मुख्याध्यापक आधी हजेरीपट पाहतो. मुले आली नाहीत, की आलेल्या मुलांची नावे घेतली गेली नाहीत? संकेतस्थळावरील भेटी मोजण्यासाठी बहुतेक ठिकाणी 'गूगल अ‍ॅनालिटिक्स'सारखे साधन वापरतात. त्यासाठी प्रत्येक पानात संगणकीय आज्ञांचा एक लहानसा तुकडा बसवावा लागतो. संकेतस्थळाला नवे रूप देताना तो तुकडा काही पानांवर बसवायचा राहून गेला, तर त्या पानांवर वाचक येतात, वाचतात आणि निघून जातात. नोंद मात्र शून्य राहते.

कधी मोजण्याची पद्धतच बदलते. गूगलने आपली जुनी मोजणी १ जुलै २०२३ पासून बंद केली आणि तिच्या जागी नवी आणली. जुन्या पद्धतीत वाचक पान वाचत असताना मध्यरात्र उलटली की त्याची दुसरी भेट धरली जाई. नव्या पद्धतीत तशी धरली जात नाही. तेव्हा २०२२ सालचा आकडा आणि २०२४ सालचा आकडा शेजारी मांडून वजाबाकी करणे म्हणजे शेराने मोजलेले धान्य किलोने मोजलेल्या धान्यातून वजा करण्यासारखे आहे.

याचा उलट प्रकारही घडतो. आकड्यांत माणसांबरोबर यंत्रेही मोजली गेलेली असतात. शोधयंत्रावर कोणाचे पान कितव्या क्रमांकावर आहे हे पाहत राहणारे स्वयंचलित कार्यक्रम असतात. ते एका मागणीत शंभर निकाल मागवून घेत. सप्टेंबर २०२५ मध्ये गूगलने एकदम शंभर निकाल देण्याची ती सोय बंद केली आणि जगभर असंख्य संकेतस्थळांचे 'शोधात दिसण्याचे' आकडे रातोरात कोसळले. अनेकांना धडकी भरली. परंतु ज्यांनी प्रत्यक्ष आत आलेल्या माणसांचा आकडा पाहिला, त्यांच्यापैकी बहुतेकांना तो होता तिथेच आढळला. आधीच्या मोजणीत यंत्रांची भर पडलेली होती, ती तेवढी गेली.

मोजणीची शंका फेडण्यासाठी दुसरा साक्षीदार बोलवावा. संकेतस्थळ ज्या संगणकावर ठेवलेले असते, तो संगणक, म्हणजे सर्व्हर, आपल्याकडे आलेल्या प्रत्येक मागणीची नोंद स्वतःच्या वहीत ठेवत असतो. या वहीतही यंत्रांच्या फेऱ्या मिसळलेल्या असतात. तरीही दोन्ही ठिकाणी एकाच सुमारास घट दिसली, तर घट खरी असण्याचा संभव मोठा. एकीकडे घट आणि दुसरीकडे पूर्वीचेच मान दिसले, तर दोष बहुधा मोजमापात आहे.

मोजणी बरोबर ठरली, की दुसरा प्रश्न तुलनेचा. कोणता महिना कोणत्या महिन्याशी ताडून पाहावयाचा? आपले सण तिथीने चालतात आणि संकेतस्थळाचा आलेख इंग्रजी तारखेने. अधिक श्रावण आल्यामुळे २०२३ साली गणेश चतुर्थी १९ सप्टेंबरला आली. २०२४ साली ती ७ सप्टेंबरला होती, तर २०२५ साली २७ ऑगस्टला. आता ज्या संकेतस्थळावर आरत्या व पूजाविधी दिले आहेत, त्याने सप्टेंबर २०२४ आणि सप्टेंबर २०२५ यांची तुलना केली, तर मोठी घसरण दिसणारच. वाचक येऊन गेले. ते ऑगस्टात येऊन गेले. ख्रिस्ती उपासनेची पाने असतील तर हीच गोष्ट ईस्टरची. तो २०२४ साली ३१ मार्चला होता आणि २०२५ साली २० एप्रिलला. शाळेच्या संकेतस्थळावर सुटीत सामसूम असते आणि प्रवेशाच्या दिवसांत गर्दी. म्हणून सणाची तुलना सणाशी, सुटीची सुटीशी आणि सोमवारची सोमवारशी करावी.

तिसरा प्रश्न आलेखाच्या आकाराचा. ताप एकदम चढला की हळूहळू, हे वैद्य विचारतो, तसेच हे आहे. एका दिवसापुरता खड्डा पडून आलेख पुन्हा पूर्ववत झाला, तर वाट तात्पुरती बंद पडली होती असे समजावे. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप व इन्स्टाग्राम ही तिन्ही सुमारे सहा तास बंद पडली होती. त्यांच्यामार्फत येणारा वाचक त्या दिवशी येणार कसा? कडा तुटावा तसा आलेख एका तारखेला तुटला आणि खालीच राहिला, तर त्या तारखेला काही तरी मोडले वा बदलले गेले असावे. संकेतस्थळाच्या नावाची मुदत संपली काय? सुरक्षा-प्रमाणपत्र नवे करायचे राहिल्यामुळे ब्राउझर येणाऱ्याला धोक्याची सूचना दाखवीत आहे काय? नवे रूप तयार होत असताना शोधयंत्रांना दूर ठेवणारी खूण लावली होती, ती काढायची राहून गेली काय? ही शेवटची चूक फार सर्रास घडते, आणि ती सुधारण्याचे काम अवघ्या एका मिनिटाचे असते. उलट, आलेख महिनोन्‌महिने उतरणीला लागलेला असेल, तर कारण बहुधा सावकाश काम करणारे असते. मजकूर जुना झाला, दुसऱ्या कोणी तो अधिक चांगला दिला, किंवा लोकांच्या शोधण्याच्या सवयी बदलल्या.

चौथा प्रश्न दाराचा. संकेतस्थळावर माणसे एकाच वाटेने येत नाहीत. काही शोधयंत्रावर विचारून येतात, काही पत्ता ठाऊक असल्याने थेट येतात, काही दुसऱ्या संकेतस्थळावरील दुव्यावरून, तर काही समाजमाध्यमांतून. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला वाचक बहुधा 'थेट' या सदरातच नोंदला जातो, हेही ध्यानात ठेवावे. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने मित्र व नातेवाईक यांच्या मजकुराला अग्रक्रम देण्याचे जाहीर केले. त्यानंतर त्या एका दारावर विसंबलेल्या अनेक वृत्तसंस्थांचे वाचक घटले. त्यांचे इतर दरवाजे उघडेच होते.

आता एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, एका जुन्या ग्रंथालयाच्या संकेतस्थळाला जूनमध्ये ४,००० भेटी मिळाल्या आणि ऑगस्टमध्ये १,२००. घट २,८०० ची. दारांप्रमाणे वाटणी केली तेव्हा असे दिसले की, शोधयंत्रावरून ३,००० येत होते ते ३५० झाले. थेट येणारे ६०० होते ते ५५० झाले. इतर दुव्यांवरून येणारे ४०० चे ३०० झाले. म्हणजे २,८०० पैकी २,६५० ची घट एकट्या शोधयंत्राच्या दारात आहे. नेहमीचा वाचक, ज्याला पत्ता ठाऊक आहे तो, जवळजवळ तेवढाच आहे. मग शोधयंत्रावरून येणाऱ्यांची पानांप्रमाणे वाटणी केली. जुन्या ग्रंथांच्या सूचीची पाने २,७०० वरून १०० वर आली होती, बाकीची सर्व पाने मिळून ३०० वरून २५०. आता दुखणे नेमके कोठे आहे ते कळले. जुलैत सूचीची पाने नव्या पत्त्यावर नेली होती आणि जुन्या पत्त्यावर 'येथून तेथे जा' असे सांगणारी कायमची पुनर्निर्देशनाची सूचना ठेवली नव्हती. शोधयंत्राला जुना पत्ता ठाऊक. तेथे जावे तो पान नाही. घर बदलले आणि टपालकचेरीला कळवलेच नाही, असा हा प्रकार. वाचक दारापर्यंत येऊन परतत होते, आणि इकडे मंडळ वाचनसंस्कृतीच्या ऱ्हासावर चर्चा करीत होते!

शोधयंत्राचे दार तपासण्यासाठी गूगलचेच 'सर्च कन्सोल' नावाचे विनामूल्य साधन आहे. त्यात मागील सोळा महिन्यांची माहिती मिळते. त्यातील चार आकडे पाहावेत. आपले पान शोधाच्या निकालांत किती वेळा दिसले, किती जणांनी ते उघडले, दिसण्याशी उघडण्याचे प्रमाण काय, आणि सरासरी क्रमांक कितवा. क्रमांक तोच असून दिसणे घटले, तर बहुधा तो विषय शोधणारेच कमी झाले. क्रमांक खाली गेला, तर दुसरे कोणी पुढे गेले किंवा शोधयंत्राने आपले निकष बदलले. असे मोठे बदल गूगल तारखांसह जाहीर करते आणि ते पुरे होण्यास वेळ लागतो. ५ मार्च २०२४ ला सुरू झालेला बदल १९ एप्रिलपर्यंत चालला होता. असा बदल चालू असताना घाईने काही निष्कर्ष काढू नये.

तिसरी शक्यता अलीकडची आहे. दिसणे तेवढेच, क्रमांक तोच, पण उघडणारे कमी. गूगलने निकालांच्या वर कृत्रिम बुद्धिमत्तेने रचलेले उत्तर देण्यास अमेरिकेत मे २०२४ मध्ये आणि भारतात ऑगस्ट २०२४ मध्ये आरंभ केला. अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने मार्च २०२५ मधील ९०० प्रौढांच्या शोधांचा अभ्यास केला. असे उत्तर वर आले असता १०० पैकी ८ वेळा लोकांनी निकालातील दुवा उघडला. ते नसताना १५ वेळा. प्रश्नाचे उत्तर ओट्यावरच मिळाले, तर माणूस माजघरात कशाला येईल? येथे दोष आपल्या पानाचा नसतो. मात्र त्यातून एक धडा घेता येतो. एका ओळीत मिळणारी माहिती सर्वत्र मिळते. आपल्या कपाटातील दुर्मीळ पुस्तकाची नोंद, आपल्या गावच्या नाट्यप्रयोगांची यादी दुसरीकडे मिळत नाही. जे फक्त आपल्यापाशी आहे, ते आधी नीट मांडावे.

याच रीतीने देश आणि उपकरण यांप्रमाणेही वाटणी करून पाहावी. संगणकावरून येणारे तेवढेच आणि मोबाइलवरून येणारे अर्धे झाले असतील, तर पान मोबाइलच्या लहान पडद्यावर नीट उमटत नसेल. सूचीतील अक्षरी मजकूर काढून त्याऐवजी पानांची नुसती छायाचित्रे लावली, तर माणसाला ती वाचता येतात. पण शोधयंत्राला त्यांतील शब्दांचा भरवसा राहत नाही. सजावट वाढते आणि वाट हरवते.

उपचाराविषयी दोनच गोष्टी सांगतो. एक, कारण कळल्यावाचून हात लावू नये. घाबरून सर्व मथळे बदलणे, जुनी पाने पुसून टाकणे, पैसे देऊन खोट्या भेटी विकत घेणे, या उपायांनी मूळ दुखणे झाकले जाते आणि नवे जडते. एका वेळी एकच दुरुस्ती करावी व काही आठवडे वाट पाहावी. चार औषधे एकदम दिली, तर गुण कोणत्या औषधाचा हे समजत नाही. दोन, एक साधी वही ठेवावी. पत्ता बदलला, रूप बदलले, मोजणीचे साधन बदलले, की तारीख घालून एक ओळ लिहावी. पुढे आलेख तुटला तर ती वही उघडावी. पुष्कळदा उत्तर त्याच पानावर असते.

एवढे सर्व तपासूनही घट खरी ठरली, तर ती मान्य करावी. लोकांची आवड बदलते, आणि प्रत्येक ओहोटीला भरती असतेच असे नाही. परंतु त्या वेळीही मंडळाने एक प्रश्न स्वतःस विचारावा. हे संकेतस्थळ आपण किती जणांसाठी उघडले होते? शंभर वर्षांपूर्वीचे एखादे पुस्तक शोधणारे जगभरात महिन्याला वीसच असतील. त्या विसांना ते सापडले, तर ग्रंथालयाने आपले काम केले. ठराव करावयाचाच असेल, तर तो या विचारानंतर करावा. तुटलेल्या पत्त्याला समाजाची उदासीनता समजून भाषेच्या नावाने दिवा मालवू नये, इतकेच मागणे आहे.